मोटारसायकलीचे ब्रेक पॅड : मूळ आणि पर्यायी पॅडचा तौलनिक विचार

प्रस्तावना

पुण्याच्या नाना पेठेत किंवा तालुक्याच्या गावातील एखाद्या सुट्या भागांच्या दुकानात मोटारसायकलीचे ब्रेक पॅड मागितले, की काउंटरपलीकडून पहिला प्रश्न येतो, "कंपनीचा देऊ की लोकल?" हा प्रश्न लहान असला तरी त्यामागील गृहीतक मोठे आहे. बाजारात पॅडच्या दोनच जाती असून त्यांपैकी एक महाग व खात्रीची, तर दुसरी स्वस्त व बिनभरवशाची, असे त्यात मानलेले असते. याच्या नेमका उलट समज वेगप्रेमी तरुणांमध्ये आढळतो. कारखान्यातून आलेला पॅड म्हणजे उत्पादकाने खर्च वाचवून केलेली तडजोड आणि बाहेरून आणलेला नामांकित पर्यायी पॅड म्हणजे सुधारणा, असे ते मानतात. या दोन्ही समजुतींत सत्याचा अंश आहे. तथापि दोहोंचाही पाया तपासण्याजोगा आहे. घर्षणद्रव्याचे रसायन, उष्णतेचा हिशेब, चाचणीच्या पद्धती आणि बाजाराची रचना या चार अंगांनी ही तपासणी करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

मोठ्या प्रमाणावर उत्पादित झालेल्या मोटारसायकलीला पुढे हायड्रॉलिक डिस्क ब्रेक देण्याचा मान १९६९ च्या होंडा सीबी ७५० कडे जातो. भारतात हा ब्रेक सामान्य ग्राहकाच्या परिचयाचा झाला तो हिरो होंडा सीबीझेड (१९९९) आणि बजाज पल्सर (२००१) या गाड्यांमुळे. पुढे १ एप्रिल २०१८ पासून नव्या आणि १ एप्रिल २०१९ पासून सर्वच प्रतिमानांसाठी १२५ घनसेंटिमीटरहून अधिक क्षमतेच्या दुचाकींना एबीएस, तर त्याखालील दुचाकींना एबीएस अथवा पुढील-मागील ब्रेक एकत्र लावणारी सीबीएस प्रणाली बंधनकारक झाली. परिणामी डिस्क पॅड ही आता हौशी चालकापुरती वस्तू राहिलेली नाही. कारकून, शिक्षक, दूधवाला अशा सर्वांच्याच गाडीत तो आहे, आणि दर काही हजार किलोमीटरनंतर तो बदलण्याचा निर्णय त्यांना गॅरेजमध्ये उभ्याउभ्या घ्यावा लागतो.

'मूळ' म्हणजे नेमके काय?

वाहन उत्पादक सामान्यतः ब्रेक पॅड स्वतः तयार करीत नाही. घर्षणद्रव्याचा व्यवसाय हा स्वतंत्र आणि काहीसा गूढ व्यवसाय आहे. इंग्लंडमध्ये हर्बर्ट फ्रूड यांनी १८९७ मध्ये फेरोडो या नावाने त्याचा आरंभ केला, तेव्हापासून मिश्रणाचे नेमके प्रमाण हे प्रत्येक कारखान्याचे राखीव गुपित राहिले आहे. भारतात रानेसारख्या कंपन्या घर्षणद्रव्य बनवतात. संपूर्ण ब्रेकसंच पुरवणाऱ्यांमध्ये छत्रपती संभाजीनगरजवळील वाळूज येथील एन्ड्युरन्स, तसेच पुण्याजवळ चाकण येथे कारखाना असलेली इटालियन ब्रेम्बो या कंपन्या आहेत. लहान व मध्यम मोटारसायकलींसाठी ब्रेम्बो 'बायब्रे' ही नाममुद्रा वापरते. वाहन उत्पादक आपली अपेक्षा कळवतो, पुरवठादार मिश्रण सुचवतो, चाचण्या होतात, मान्यता मिळते, आणि मग तोच पॅड वाहन कंपनीच्या वेष्टनात 'जेन्युइन पार्ट' म्हणून दुकानात येतो.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. 'मूळ' आणि 'पर्यायी' हे पदार्थाचे वर्गीकरण नाही. वस्तू कोणत्या वाटेने ग्राहकापर्यंत आली त्याचे ते वर्गीकरण आहे. दुकानातील एका फळीवर प्रत्यक्षात निदान चार प्रकारचा माल असतो. वाहन कंपनीच्या वेष्टनातील पॅड हा पहिला. त्याच पुरवठादाराने स्वतःच्या नावाने विकलेला पॅड हा दुसरा. तो कधी मूळ मिश्रणाचा असतो, कधी नसतो. स्वतंत्र घर्षणकंपनीने स्वतःचे मिश्रण वापरून अनेक गाड्यांच्या मापात काढलेला पॅड हा तिसरा, आणि खरा पर्यायी म्हणावा असा हाच. चौथा प्रकार नक्कल मालाचा. वेष्टन हुबेहूब, आतला पदार्थ अज्ञात. गॅरेजच्या भाषेत याला 'डुप्लिकेट' म्हणतात. परंतु बोलण्याच्या ओघात तिसरा आणि चौथा प्रकार एकाच 'लोकल' या शब्दात कोंबले जातात, आणि बहुतेक गोंधळ येथेच सुरू होतो.

घर्षणद्रव्याची घडण

पॅडचे दोन भाग असतात : पोलादी पाठपट्टी आणि तिच्यावर घट्ट बसवलेले घर्षणद्रव्य. या द्रव्याचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत.

सेंद्रिय पॅडमध्ये फिनॉलिक राळ हे बंधक असते. तिच्यात अरामिड किंवा तत्सम तंतू, खनिज भरणद्रव्ये, ग्रॅफाइटसारखी वंगणे आणि थोडी कठीण अपघर्षक भुकटी मिसळून दाब व उष्णता यांच्या साहाय्याने वडी तयार केली जाते. असा पॅड थंड असतानाही चांगली पकड देतो, आवाज कमी करतो, डिस्कला फारसे खात नाही आणि स्वस्त पडतो. त्याची मर्यादा राळेत आहे. तापमान साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की राळेचे विघटन सुरू होते, वायू बाहेर पडतात आणि पॅड व डिस्क यांमधील घर्षण घटते. ब्रेक 'सुटल्यासारखा' वाटतो तो असा. अर्धधातुक पॅड हा याच कुळातला. त्यात पोलाद अथवा तांबे यांचे तंतू व चूर्ण अधिक असल्याने तो उष्णता जास्त सोसतो.

सिंटर्ड पॅडचे कूळ मात्र वेगळे. त्यात राळ नसतेच. तांबे, कथिल, लोह यांची पूड ग्रॅफाइट व सिरॅमिक कणांसह दाबून, धातू पूर्ण वितळू न देता, सुमारे ८०० ते १,००० अंश तापमानाला भाजली जाते. कण एकमेकांना आणि तांब्याचा मुलामा दिलेल्या पाठपट्टीला चिकटून सलग, सच्छिद्र धातुपिंड तयार होतो. जळण्यासारखे फारसे काही नसल्याने तो उच्च तापमानातही पकड टिकवतो आणि झिजतोही सावकाश. पावसातील प्रतिसाद हा त्याचा दुसरा गुण. १९७० च्या दशकातील जपानी मोटारसायकलींवरील स्टेनलेस स्टीलच्या डिस्क आणि त्या काळचे सेंद्रिय पॅड यांची जोडी पावसात कुप्रसिद्ध होती. लिव्हर दाबल्यावर क्षणभर काहीच घडत नसे आणि मग एकदम ब्रेक लागे. सिंटर्ड पॅडने हा दोष पुष्कळ कमी केला. कोकणात किंवा घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर गाडी चालवणाऱ्याच्या दृष्टीने हा मुद्दा केवळ ऐतिहासिक नाही.

मात्र या गुणांची किंमत डिस्कला मोजावी लागते. सिंटर्ड पॅड डिस्क अधिक झिजवतो, आणि उष्णता सहज वाहून नेत असल्यामुळे ती पाठपट्टीमार्गे पिस्टन व ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचवतो. पॅड टिकला पण तेल उकळले, असा प्रसंग यातून उद्भवू शकतो. म्हणूनच मोठ्या, वेगवान गाड्यांच्या बाबतीत डिस्कचे पोलाद आणि कॅलिपर यांची जुळणी कारखान्यातच सिंटर्ड पॅड गृहीत धरून केलेली असते. लहान गाड्यांत बहुधा तशी नसते.

येथे एक बाब नोंदवणे आवश्यक आहे. पॅड आणि डिस्क यांचे घर्षण म्हणजे दोन खरखरीत पृष्ठभागांची केवळ घासाघीस नव्हे. काही काळ वापर झाल्यावर पॅडमधील द्रव्याचा अतिसूक्ष्म थर डिस्कवर चढतो आणि पुढील घर्षण बहुतांशी पॅड व हा थर यांच्यात होते. हा थर जुळून आला नाही, तर उत्तम पॅडही सुमार वाटतो.

उष्णतेचा हिशेब

दीडशे किलोची मोटारसायकल, दोन माणसे आणि थोडे सामान मिळून एकूण वस्तुमान २८० किलो धरू. ताशी ६० किलोमीटर वेगाला या संचाची गतिज ऊर्जा सुमारे ३९ किलोज्यूल होते. गाडी थांबवताना यांतील तीन-चतुर्थांश वाटा पुढील ब्रेककडे जातो असे मानले आणि डिस्कचे वस्तुमान १.२ किलो धरले, तर एका थांब्यात डिस्कचे तापमान साधारण ५० अंशांनी वाढते. वाऱ्याने ती पुन्हा निवते. शहरात सिग्नलगणिक थांबणाऱ्या गाडीची डिस्क शंभर-दीडशे अंशांच्या आसपास घुटमळते; सेंद्रिय पॅडच्या मर्यादेपासून ती बरीच दूर असते. म्हणजे घर ते महाविद्यालय एवढाच प्रवास करणाऱ्याने उच्च तापमानाच्या क्षमतेसाठी जादा पैसे मोजणे हे ज्याचा उपयोग कधी होणार नाही, असे काही विकत घेणे ठरते.

घाटाचे गणित निराळे आहे. पंधरात एक अशा उतारावर हीच गाडी ताशी ४० किलोमीटर या स्थिर वेगाने उतरत असेल, तर तिला खाली ओढणारे बल सुमारे १८० न्यूटन असते. टायरचा रोध आणि हवेचा रोध मिळून त्यातील साधारण ८० न्यूटन खाऊन टाकतात. उरलेले सुमारे १०० न्यूटन इंजिनाने किंवा ब्रेकने सोसायचे. गाडी गिअरमध्ये असेल तर इंजिन त्यातला बराच भार उचलते. परंतु पेट्रोल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये किंवा इंजिन बंद करून घाट उतरण्याची सवय महाराष्ट्रात सार्वत्रिक आहे. अशा वेळी सगळा भार ब्रेकवर येतो : १.१ ते १.२ किलोवॉट, अखंड. घरात बादलीभर पाणी तापवायला जो हीटरचा रॉड वापरतात, त्याची क्षमता साधारण एवढीच असते. तो रॉड बाराशे ग्रॅमच्या डिस्कवर दहा मिनिटे धरून ठेवला, असे समजावे. दहा मिनिटांत जमणारी ही ऊर्जा ताशी ६० किलोमीटर वेगावरून सतरा-अठरा वेळा पूर्ण थांबण्याइतकी असते. वारा बरीचशी उष्णता नेतो हे खरे, तरी सेंद्रिय पॅडची परीक्षा होते ती येथेच, आणि ब्रेक ऑइलचीही.

तेलाचा मुद्दा पॅडच्या चर्चेत हमखास विसरला जातो. डॉट ३ दर्जाच्या कोऱ्या तेलाचा किमान उत्कलनबिंदू २०५ अंश आणि डॉट ४ चा २३० अंश असतो. पाणी शोषलेल्या अवस्थेसाठी हेच किमान आकडे अनुक्रमे १४० आणि १५५ अंश असे आहेत. ही तेले हवेतील ओलावा शोषतात, आणि चार महिने पावसाळा असलेल्या प्रदेशात तो शोषायला पुरेसा ओलावा असतो. पाच वर्षे तेल न बदललेल्या गाडीत महागडा सिंटर्ड पॅड बसवणे म्हणजे गळक्या कौलांच्या घराला संगमरवरी फरशी घालण्यासारखे आहे.

पकड वाढली म्हणजे अंतर घटते काय?

पर्यायी पॅडच्या जाहिरातींचा भर घर्षणगुणकावर असतो. त्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. लिव्हरवर बोटांनी दिलेले बल तेलामार्फत पिस्टनपर्यंत वाढून पोहोचते, पिस्टन पॅड दाबतो, आणि पॅडचा घर्षणगुणक त्या दाबाचे रूपांतर डिस्कला अडवणाऱ्या बलात करतो. बोटांचे बल तेवढेच ठेवले, तर गाडीची मंदगती घर्षणगुणकाच्या प्रमाणात बदलते. ताशी ६० किलोमीटर वेगावरून दर सेकंदास ६ मीटर प्रतिसेकंद या मंदगतीने गाडी थांबवल्यास २३ मीटर अंतर लागते. ब्रेकचे एकूण बल १५ टक्क्यांनी कमी झाले तर हे अंतर २७ मीटर होते. ३० टक्क्यांनी कमी झाले तर ३३ मीटर. दहा मीटरचा हा फरक म्हणजे शाळेसमोरच्या रस्त्याची पूर्ण रुंदी. चालक अधिक जोराने लिव्हर दाबू शकतो हे खरे. परंतु अचानक समोर मूल आले असता बोटे सवयीचेच बल देतात, आणि उरलेले बल द्यायला जो वेळ लागतो तो परत मिळत नाही.

उलट दिशेला मात्र हा हिशेब तसाच चालत नाही. घर्षणगुणक वाढत गेला तरी थांबण्याचे अंतर एका मर्यादेखाली जात नाही, कारण गाडीला अखेर थांबवतो तो टायर आणि रस्ता यांचा संबंध. कोरड्या डांबरावर चांगल्या स्थितीतला साधा पॅडही पुढील चाक घसरण्याच्या सीमेपर्यंत नेऊ शकतो. त्यापुढे अधिक पकडीचा पॅड देतो ते अंतर नव्हे, तर सुख : बोटांना कमी श्रम, दोन बोटांत ब्रेक. ओल्या रस्त्यावर, विशेषतः पांढऱ्या रंगाच्या पट्ट्यांवर, हेच सुख घातक ठरू शकते. एबीएस नसलेल्या जुन्या गाडीवर तीव्र पकडीचा पॅड बसवला, तर चाक जखडण्यापूर्वी चालकाला मिळणारी सूचना कमी होते. सीबीएस असलेल्या गाडीत आणखी एक पेच आहे. पुढच्या-मागच्या ब्रेकमधील बलाची वाटणी कारखान्याने विशिष्ट घर्षणगुणक गृहीत धरून ठरवलेली असते. एकाच चाकाचा पॅड बदलून ती वाटणी नकळत बिघडवता येते. शर्यतीसाठीचे पॅड तर रस्त्यावर सर्वथा अनुचित होत, कारण त्यांतील अनेकांची पकड तापल्याशिवाय येतच नाही. मोटोजीपीच्या गाड्यांवरील कार्बन डिस्क हे याचे टोकाचे उदाहरण. दोनशे अंशांच्या खाली त्या जवळजवळ निकामी असतात.

वाहन उत्पादकाची 'तडजोड' ही या प्रकाशात पाहिली पाहिजे. त्याला नवशिक्या आणि सराईत, दिल्लीची थंडी आणि नागपूरचा उन्हाळा, धूळ आणि चिखल या सर्वांसाठी एकच पॅड निवडायचा असतो; तो किंचाळू नये, डिस्क टिकावी आणि हमीच्या काळात तक्रार येऊ नये, हेही साधायचे असते. एखाद्या चालकाची गरज या सरासरीपेक्षा खरोखर वेगळी असेल, तर त्याच्यासाठी चांगला पर्यायी पॅड हा मूळ पॅडपेक्षा श्रेयस्कर असू शकतो. ओझे लादून वारंवार घाट उतरणारा प्रवासी हे त्याचे स्पष्ट उदाहरण.

पॅडवरील अक्षरे आणि त्यांचा अर्थ

अनेक पॅडच्या पाठपट्टीवर किंवा कडेवर 'एफएफ', 'जीजी', 'एचएच' अशी दोन अक्षरे असतात. अमेरिकेतील वाहन अभियंत्यांच्या संस्थेचा, म्हणजे एसएईचा, जे ८६६ हा संकेत तो. पहिले अक्षर सामान्य तापमानातील घर्षणगुणक दाखवते, दुसरे उच्च तापमानातील. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५ आणि एच म्हणजे ०.५५ हून अधिक. दोन अक्षरांत तफावत असेल, उदाहरणार्थ 'जीई', तर तो पॅड तापल्यावर ढिला पडतो असा अर्थ निघतो, आणि ही माहिती उपयुक्त आहे.

तथापि या अक्षरांवर फार विसंबू नये. ही चाचणी एक इंच चौरसाच्या नमुन्यावर, ठरावीक ड्रमवर होते. ग्राहकाच्या गाडीची डिस्क, कॅलिपर, पाऊस यांचा तिच्याशी संबंध नसतो. शिवाय प्रत्येक अक्षराचा पट्टा रुंद आहे. ०.४५ आणि ०.५५ हे दोन्ही 'जी'च; म्हणजे एकाच अक्षराच्या दोन पॅडमध्ये २२ टक्क्यांपर्यंत फरक असू शकतो. झीज, आवाज आणि पाठपट्टीवरील पकड यांविषयी ही अक्षरे मौन बाळगतात.

अधिक अर्थपूर्ण कसोटी आहे ती संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणेखालील नियम क्रमांक ९० ची. हा नियम १९९२ मध्ये अंमलात आला. बदली पॅड त्या विशिष्ट गाडीच्या मूळ पॅडशी ताडून पाहावा, समान दाबाला मिळणारी मंदगती मूळ पॅडच्या तुलनेत अधिक-उणे १५ टक्क्यांच्या आत असावी, असे तो सांगतो. येथे 'अधिक' या बाजूलाही मर्यादा आहे, हे लक्षणीय होय. मूळ पॅडपेक्षा फार जास्त पकड हाही दोषच, ही भूमिका त्यामागे आहे. घर्षणद्रव्य पाठपट्टीला धरून ठेवणाऱ्या जोडाचीही त्यात चाचणी असून पॅडसाठी दर चौरस सेंटिमीटरला किमान २५० न्यूटन कर्तनबल सोसण्याची अट आहे. भारतात दुचाकी व तीनचाकी वाहनांच्या ब्रेकप्रणालीच्या कामगिरीसाठी आयएस १४६६४ हे मानक असून अशा चाचण्या करणाऱ्या संस्थांमध्ये पुण्याची एआरएआय (स्थापना १९६६) अग्रणी आहे. मात्र संपूर्ण गाडीची मान्यता-चाचणी आणि पाच वर्षांनंतर दुकानातून घेतलेल्या बदली पॅडची चाचणी या दोन भिन्न गोष्टी आहेत.

जोडाचा मुद्दा किरकोळ वाटेल, म्हणून आकडा पाहू. वर घेतलेली २८० किलोची गाडी त्याच मंदगतीने थांबत असता पुढील डिस्कवर, चाकाची आणि डिस्कची त्रिज्या लक्षात घेता, एकूण सुमारे ३,५०० न्यूटन अडवणारे बल निर्माण होते; प्रत्येक पॅडच्या वाट्याला त्यातले निम्मे. म्हणजे आगपेटीएवढ्या त्या वडीला पावणेदोनशे किलो वजनाइतके बल आडवे ढकलत असते, तेही ती तापलेली असताना. प्रमाणित पॅडचा जोड यापेक्षा पुष्कळ अधिक सोसतो. नक्कल मालाचा खरा धोका येथे आहे. त्याची पकड दोन-पाच टक्के कमी असेल याची चिंता दुय्यम. गंज चढलेल्या पट्टीवर हलक्या चिकटद्रव्याने बसवलेली वडी ऐन वेळी निखळली, तर उरतो तो पोलादावर घासणारा पोलादी तुकडा.

तुलनेतील चुका

'नवीन पर्यायी पॅड टाकले आणि ब्रेक एकदम सुधारला' हा अनुभव सर्वत्र ऐकू येतो आणि तो बहुधा प्रामाणिक असतो. परंतु ही तुलना नव्या पर्यायी पॅडची आणि जुन्या, झिजून चकाकी आलेल्या मूळ पॅडची असते. त्याच वेळी मेकॅनिकने कॅलिपरच्या पिना साफ करून ग्रीस लावलेले असते, कधी तेलही बदललेले असते. नवा मूळ पॅड टाकला असता तरी तीच सुधारणा दिसली असती. उलट तक्रारीचेही तसेच. आधीच्या पॅडचा थर डिस्कवर असतानाच वेगळ्या मिश्रणाचा पॅड बसवला आणि पहिल्याच दिवशी ब्रेक लागत नाही म्हणून तो नापास केला, असे वारंवार घडते.

न्याय्य तुलनेसाठी दोन्ही पॅड नवे हवेत, डिस्क तीच किंवा समान स्थितीतील, तेल तेच, आणि दोहोंना बसण्यासाठी सारखा अवधी मिळालेला हवा. मोजणी थंड, तप्त आणि ओल्या अशा तिन्ही अवस्थांत व्हावी. आयुष्य मोजताना पॅडची झीज एकटी न पाहता डिस्कचीही पाहावी, कारण डिस्कची किंमत पॅडच्या कित्येक पट असते. दीडपट टिकणारा पण डिस्कचे आयुष्य निम्म्यावर आणणारा पॅड अंती महाग पडतो. डिस्कवर तिच्या किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो; तो वाचण्याची तसदी फार थोडे लोक घेतात, आणि मायक्रोमीटर तर गॅरेजमध्ये क्वचितच दिसतो. अभियांत्रिकी किंवा भौतिकशास्त्र विभागाच्या प्रयोगशाळेत मात्र तो असतोच.

हमी, बाजार आणि ग्राहक

पर्यायी भाग वापरल्यास हमी रद्द होईल, ही भीती ग्राहकाला नेहमी घातली जाते. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस हमी कायद्याने अशा सरसकट अटीला आळा घातला. भारतात स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये सुटे भाग खुल्या बाजारात उपलब्ध न करण्याच्या कारणावरून १४ मोटार उत्पादकांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. प्रकरण मोटारींचे होते आणि आदेशाला पुढे आव्हानही दिले गेले. तरी सुटा भाग कोठून घ्यावा हा ग्राहकाच्या निवडीचा विषय आहे, हे तत्त्व त्यातून पुढे आले. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले, त्यातही वाहनक्षेत्राचा समावेश आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सदोष उत्पादनाच्या दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्याचा आधार घ्यायचा, तर उत्पादकाचे नाव, तुकडी क्रमांक आणि बिल हाती असावे लागते. 'लोकल' पॅड बिलाशिवाय घेणारा ग्राहक पन्नास-शंभर रुपये वाचवताना हा आधार गमावतो, याची त्याला कल्पना नसते.

धूळ आणि गॅरेज

पॅड झिजतो म्हणजे त्याची धूळ होते, आणि ती कोणाच्या तरी श्वासात जाते. विसाव्या शतकात बराच काळ घर्षणद्रव्याचा मुख्य तंतू ॲस्बेस्टॉस होता. उष्णता सोसणारा, स्वस्त आणि प्राणघातक. त्याचे सर्व प्रकार मानवात कर्करोग निर्माण करतात, असे कर्करोगविषयक आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेचे वर्गीकरण सांगते. युरोपीय संघाने १ जानेवारी २००५ पासून त्यावर बंदी आणली. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने मार्च २०२४ मध्ये जाहीर केलेल्या नियमात बदली ब्रेक अस्तरांचा स्पष्ट उल्लेख होता. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉस उद्योगातील कामगारांच्या संदर्भात आरोग्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले. नामांकित कंपन्यांच्या पॅडवर 'ॲस्बेस्टॉसविरहित' असा उल्लेख असतो. निनावी वेष्टनातील पॅडविषयी ती हमी कोणी देऊ शकत नाही, आणि त्याचा पहिला बळी चालक नसून ब्रेक उघडणारा मेकॅनिक असतो. कॉम्प्रेसरच्या हवेने ब्रेकमधली धूळ उडवण्याची पद्धत गॅरेजमध्ये रूढ आहे. शेजारी पाना धरून उभा असलेला पोरगा ती धूळ दिवसभर घेतो. ओल्या फडक्याने पुसून घेणे हा त्यावरचा उपाय बिनखर्चाचा आहे.

बसवण्याच्या कामाविषयी दोन गोष्टी. नवा पॅड, मूळ असो वा पर्यायी, पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरमध्ये हलक्या, टप्प्याटप्प्याने वाढवलेल्या ब्रेकने बसू द्यावा लागतो. या काळात पृष्ठभागांची पूर्ण भेट झालेली नसते, आणि सेंद्रिय पॅडमधील राळेचा उरलासुरला वायूही पहिल्यांदा तापल्यावर बाहेर पडायचा असतो; नवे पॅड घालून त्याच दिवशी लांबचा घाट गाठणे टाळावे. दुसरी गोष्ट गॅरेजमधून बाहेर पडण्यापूर्वीची. जाड नवा पॅड बसावा म्हणून मेकॅनिकने पिस्टन मागे ढकललेले असतात, त्यामुळे पहिल्यांदा दाबलेली लिव्हर काहीही न अडवता थेट मुठीला टेकते. जागेवरच उभे राहून ती कडक लागेपर्यंत पाच-सहा वेळा दाबून घ्यायची, आणि मगच गाडी सुरू करायची.